तिसरीच्या मुलांना सोबत घेऊन वर्गाचे नियम कसे बनवायचे? मी लिहिलेला तक्ता कोणी पाळतच नाही.

तक्ता तुम्ही लिहिलाय म्हणून तो तुमचा आहे, मुलांचा नाही, इतकं साधं आहे ते. मी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, त्यामुळे माझ्याकडे जे चालतं ते सांगते.

पहिलं म्हणजे "सांगा बरं, कोणते नियम करूया?" असं विचारूच नका. मुलं लगेच पाठ केल्यासारखी सुरू होतात, भांडू नये, खोटं बोलू नये, मोठ्यांचा आदर करावा. परिपाठातला सुविचारच तो, त्याने वर्गात काडीचाही फरक पडत नाही. त्याऐवजी चिठ्ठ्या द्या आणि विचारा, वर्गात तुला कशाचा त्रास होतो? नाव लिहायचं नाही, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढायचं. हात वर करायला लावलंत तर पुढच्या बाकावरची तीन-चार बडबडी मुलंच बोलतात, मागच्या पोरींचं काहीच कळत नाही. चिठ्ठीत मात्र खरं बाहेर येतं, "माझं खोडरबर न इचारता घेत्यात", "खिचडीच्या लाईनीत मोठी पोरं मधी घुसत्यात". झाला की तुमचा विषय. एका आठवड्यात एकच त्रास घ्यायचा, त्यावर बोलायचं आणि ठरलेलं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच अक्षरात लिहायचं, शुद्धलेखन तिथे तपासू नका प्लीज. फक्त वाक्य "काय करायचं" असं हवं. "खोडरबर चोरू नये" पेक्षा "विचारून घ्यायचं आणि तास संपायच्या आत परत द्यायचं" हे आठ वर्षांच्या पोराला जमतं.

आता खरी गंमत शिक्षेची. मोडलं तर काय करायचं विचारलं की मुलं आपल्यापेक्षा कडक निघतात, कोंबडा करा, अंगठे धरायला लावा, दिवसभर उन्हात उभं करा! तिथे स्पष्ट सांगायचं की हे चालणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे, आणि मुलांनी मतदान करून ठरवलं म्हणून ती उठत नाही. मग प्रश्न फिरवायचा, ज्याचं नुकसान झालं त्याला काय मिळालं पाहिजे? पाणी सांडलं तर पुसायचं, वही फाडली तर चिकटवून द्यायची, एवढं पुरतं. आणि ते मॉनिटरने फळ्यावर नावं लिहायचं प्रकरण आधी बंद करा, त्यात दोस्तांची नावं कधीच येत नाहीत!

बहुमतावरही सोडू नका. आमच्याकडे "उशिरा येईल तो बाहेर उभा राहील" हे जवळजवळ सगळ्यांना मान्य होतं. मी फक्त विचारलं की हे कोणाला जमणार नाही, तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, बाई, मी धाकटीला अंगणवाडीत सोडून येते. वर्ग गप्प. मग ठरलं की उशीर झाला तर गुपचूप येऊन बसायचं आणि शेजारच्याने कुठलं पान चालू आहे ते दाखवायचं. सगळ्यात जास्त पाळला जातो तो हाच नियम.

अजून एक, तुमच्यासाठीही एक नियम त्यांना करू द्या. माझ्या वर्गाने सांगितलं की बाईंनी शिकवताना फोन बघायचा नाही. आता वरून सतत "माहिती तात्काळ भरा" चे मेसेज येतात ते मुलांना काय सांगणार, पण तडजोड झाली, अगदीच लागलं तर वर्गाला सांगून दाराबाहेर जायचं. मी विसरले की अख्खा वर्ग बोट दाखवतो आणि मुकाट्याने बाहेर जावं लागतं.

मुख्याध्यापकांना छापील, रंगीत तक्ता हवा असेल तर तो ऑफिसजवळ लावा, वाद घालू नका. वर्गातला मात्र कार्डशीटवर पेन्सिलनेच ठेवा, कारण खोडायला लागणारच. वर्षाच्या मध्यात असाल तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा बरा, तेव्हा मुलं सगळंच विसरून आलेली असतात, जुना तक्ता काढला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.