मुंबईच्या दमट हवेत चेहऱ्याला करडईचं तेल लावलं तर चालेल का?

चालेल, पण थेंबाथेंबाने. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल साधारण 70 ते 75 टक्के असतं. त्वचेचा ओलावा धरून ठेवणाऱ्या थराला हे आम्ल लागतं. त्यामुळे दिवसभर एसीत बसून गाल ओढल्यासारखे होत असतील तर फरक जाणवेल. तोंड धुतल्यावर चेहरा ओलसर असतानाच दोन-तीन थेंब लावा. तेल स्वतः पाणी देत नाही, आहे ते अडवतं.

जुलैत लोकलमधून घामाघूम उतरणाऱ्याला मात्र याची गरजच काय? कपाळावर बारीक, खाजऱ्या पुळ्या असतील तर त्या मॅलासेझिया बुरशीच्या असू शकतात, तेलाने त्या वाढतात. डाग-सुरकुत्या जाण्याचे दावे सोडून द्या. सनस्क्रीनची जागाही हे घेत नाही.

घाण्याचं घेतलंत तर छोटी बाटलीच घ्या, लवकर खवट होतं. लेबलवर ‘हाय ओलेइक’ असेल तर त्यात लिनोलेइक कमी. झेंडू-शेवंतीची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. करडई त्याच कुळातली.