हाताने पहिली वाकळ शिवायची आहे, सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत राहता, शिवणकाम जेमतेम येतं आणि आईच्या चार-पाच जुन्या सुती साड्या घरात आहेत. सगळ्या एकदम घेऊ नका, एकच काढा. साडेपाच मीटरची साडी लांबीत चौपदरी घातली की साधारण 45 बाय 54 इंचांचं चार थरांचं पांघरूण होतं. बाळाला पुरतं, आणि हात बसायलाही तेवढं बास. वाकळ सहा थरांच्या वर गेली की नवख्या हाताला सुई ओढत नाही.

साडी आधी धुवा, खळ राहिली तर सुई अडते. रंग जातो का ते बघायला ओलं पांढरं फडकं दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर ती साडी बाजूला ठेवा, मीठ-तुरटीच्या भरवशावर राहू नका. जरीचा काठ कापून टाका, तो टोचतो. सुतीत सिंथेटिक मिसळू नका. धुतल्यावर सुती आटतं, सिंथेटिक तसंच राहतं आणि वाकळेला फुगे येतात. अस्तराला विट्याकडचं मागावरचं कोरं कापड किंवा मांजरपाट चालेल, पण तेही एकदा भिजवून वाळवूनच.

खरं काम अंथरण्यात आहे. नवशिक्यांची वाकळ बहुतेक इथेच बिघडते, आणि दोष मात्र टाक्यांना दिला जातो. फरशी पुसून थर एकावर एक पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि तळहाताने मधून कडेकडे सुरकुती काढत न्या. आत जुने तुकडे भरणार असाल तर कडेला कड टेकवा. एकावर एक चढले की तिथे वळ उठतो आणि झोपताना पाठीला लागतो. मग वीत-वीत अंतरावर कच्चे टाके, म्हणजे थर धरून ठेवणारे, नंतर उसवायचे टाके, तेही मधून बाहेर. कडेपासून आत आलात तर सगळी ढिलाई मध्ये साठते. जुन्या बायका कडेकडेने गोल फिरत आत येतात खऱ्या, पण तो सरावाचा हात.

आता धावदोरा, म्हणजे खाली-वर जाणारा साधा सरळ टाका. जाड सुती दोरा, नसेल तर साधा सुती दुहेरी. नायलॉन नको, विरलेलं कापड तो कापतो. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की पीळ बसून गाठी होतात. टाका पाव इंचाचा, ओळी इंचभर अंतरावर. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग ओढा, अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी) बोटात हवंच. ओळ संपली की दोरा तोडायच्या आधी ओळीवरून अंगठा दाबत न्या आणि दोन्ही टोकं धरून कापड हलकेच ताणा. चुण्या मोकळ्या होतात आणि जास्तीचा दोरा आत सरकतो. हे न करता गाठ मारली तर पहिल्या धुण्यात ती ओळ कायमची आखडते. दुहेरी दोरा या मापाला 150 मीटरच्या आसपास लागतो.

दोन ओळींत इंचापेक्षा जास्त अंतर ठेवायचा मोह होईल. दसऱ्याआधी कृष्णेवर धुवायला नेलेली भिजली वाकळ उचलून बघा, म्हणजे आतले थर का सरकतात ते कळेल. म्हणूनच ती पिळायचीही नाही, दगडावर निथळू द्यायची.

कडा अर्धा इंच आत दुमडून तुरपाई करा. ठिगळांची नक्षी दुसऱ्या वाकळेला.