पहिला घाट गगनबावड्याचाच कर

भावा, सायकलवर पहिल्याच रविवारी आंबोली घाट नको. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किलोमीटर. वाटेत कळे गावात चहा मारायचा. गगनबावड्यापुढं घाट दोन, करूळ आणि भुईबावडा. मी म्हणेन भुईबावडा, गाड्या कमी.

उतरताना ब्रेक सलग दाबून धरू नकोस, रिम तापते. वळणाच्या अलीकडंच वेग कमी कर, कारण ओली खडी नेमकी वळणात असते. आणि जेवढं उतरशील तेवढं परत चढायचंय, तेव्हा निम्म्यातनं माघारी फिरलास तरी कोण हसत नाही. हसलं तर हसू दे.

ऊसतोड सुरू झाली की अंधारात निघू नकोस, ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही. चालायला अणुस्कुरा घाटाची जुनी फरसबंदी वाट भारी, पण पावसात शेवाळतीय.