बालआरोग्य : लेकराला गहू सोसत नाही, तेव्हा

लहान मुलांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या जुलाबांविषयी या सदरात लिहिल्यानंतर मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली आणि त्यांतील बरीचशी गव्हाबद्दल होती. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. वरचे अन्न सुरू केल्यावर, दहाव्या-अकराव्या महिन्यापासून त्याला दिवसातून चार-पाच वेळा पातळ, चिकट आणि फार वास येणारी शौचास होते. पोट फुगलेले, हातपाय बारीक आणि वजन अजून दहा किलोच्या आत आहे. जंताचे औषध दोनदा दिले, लोहाचे सिरप चालू आहे, पण रक्त वाढत नाही. जाऊबाईंच्या सांगण्यावरून पंधरा दिवसांपूर्वी पोळी आणि बिस्किटे बंद केली, तेव्हापासून जुलाब कमी आहेत. ही ग्लुटेनची ॲलर्जी आहे का? गहू कायमचा बंद ठेवावा का?
— एक आई, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : ताई, तुमचा संशय रास्त आहे, आणि म्हणूनच या टप्प्यावर घाई करू नका, असे कळकळीने सांगतो. तुम्ही लिहिलेली लक्षणे सिलियाक या आजाराशी जुळतात. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक परदेशी धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. काही मुलांच्या शरीराची संरक्षणयंत्रणा या प्रथिनामुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करू लागते. अन्नरस शोषून घेणारे बारीक अंकुर त्यामुळे झिजून सपाट होतात, आणि मूल पोटभर जेवूनही उपाशी राहते. लोहही तेथेच शोषले जात असल्याने सिरपचा उपयोग होत नाही. अडीच वर्षांच्या मुलाचे वजन साधारण तेरा किलोच्या आसपास असावे, हे लक्षात घेतले तर तुमच्या मुलाची तपासणी लांबणीवर टाकता येणार नाही.

मात्र गहू बंद केल्यावर बरे वाटले, एवढ्यावरून निदान होत नाही. हट्टी जुलाब इतर कारणांनीही होतात आणि आहार बदलल्यावर काही काळ कमीही होतात. निदानाची पहिली पायरी म्हणजे रक्ताची टीटीजी-आयजीए ही तपासणी. तिच्यासोबत रक्तातील एकूण आयजीए या प्रतिपिंडांचे (संरक्षणयंत्रणेने तयार केलेल्या प्रथिनांचे) प्रमाणही पाहावे लागते, कारण ते मुळातच कमी असलेल्या मुलांत आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. त्यानंतर बहुधा दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील काही नमुने घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. युरोपातील बालपचनविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, टीटीजीचे प्रमाण कमाल मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही प्रतिपिंडेही आढळली, तर दुर्बिणीशिवाय निदान मान्य करता येते. तपासणीच्या संचांच्या दर्जात फरक असल्याने आपल्याकडे मात्र अनेक तज्ज्ञ आतड्याचा नमुना घेण्याचाच आग्रह धरतात, आणि मला तो योग्य वाटतो, कारण या निदानावर मुलाचा आयुष्यभराचा आहार ठरणार असतो.

या सर्व तपासण्या मूल गहू खात असतानाच विश्वासार्ह ठरतात. गहू थांबवल्यावर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू उतरतात आणि आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते; काही महिन्यांनी केलेली तपासणी मग निर्दोष निघते आणि खरे काय होते हे कळण्याचा मार्गच खुंटतो. अशा मुलाला नंतर कित्येक आठवडे मुद्दाम गहू खाऊ घालून पुन्हा तपासावे लागते आणि पाच वर्षांच्या आतील मुलांत हा प्रयोग शक्यतो टाळतात. तुमच्या बाबतीत पंधराच दिवस झाले आहेत, त्यामुळे वेळ गेलेली नाही. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा, गहू केव्हा बंद केला ती तारीख त्यांना सांगा आणि ते म्हणतील त्याप्रमाणे तपासण्या पूर्ण होईपर्यंत पोळी पुन्हा सुरू करा. मूल फार अशक्त असेल, पायांवर सूज असेल किंवा जुलाब थांबत नसतील, तर काय आधी करायचे हे त्यांनाच ठरवू द्या.

जाऊबाईंना दोष देऊ नका, त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. गहू आणि हा आजार यांचे नाते विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी अशाच निरीक्षणातून ओळखले. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. मात्र या नात्याचा पाठपुरावा त्यांनी दुसऱ्या महायुद्धाआधीच सुरू केला होता आणि १९५०च्या प्रबंधात ते काटेकोर नोंदींनी सिद्ध केले.

प्रश्न : माझ्या अकरा महिन्यांच्या मुलीला रव्याचा शिरा भरवल्यावर अर्ध्या तासात अंगावर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले आणि उलटी झाली. बिस्किटाने पूर्वी एकदा असेच झाले होते. हाच तो सिलियाक आजार का?
— बीड जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर : नाही. ही गव्हाची खरी ॲलर्जी असण्याची शक्यता आहे. सिलियाकमध्ये नुकसान आठवडे-महिने साचत जाते, तर ॲलर्जीत काही मिनिटांपासून दोनेक तासांत शरीर प्रतिक्रिया देते. तिची तपासणी वेगळी असते आणि बरीच मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंत या ॲलर्जीतून बाहेर पडतात. गव्हाचे सर्व पदार्थ आजच बंद करा. येथे तपासणीसाठी गहू चालू ठेवण्याचे कारण नाही. ‘थोडेसे देऊन पाहू’ असा प्रयोग घरी मुळीच करू नका, कारण पुढची प्रतिक्रिया अधिक तीव्र असू शकते. मुलीला धाप लागली, आवाज घोगरा झाला, ती निस्तेज पडली किंवा गांधींसोबत वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर क्षणभरही न थांबता जवळच्या रुग्णालयात न्या. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन द्यावे लागते आणि घरातील ॲलर्जीचे सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाला दुर्बिणीची तपासणी करून सिलियाक असल्याचे सांगितले आहे. आम्ही त्याला आता फक्त भाकर देतो. गव्हावाचून त्याच्या अंगात शक्ती कशी येणार? सणाला पुरणपोळीचा एक घास दिला तर चालेल का? आणि पोळी बंद करूनही त्याचे पोट अधूनमधून का बिघडते?
— एक आजी, परभणी

उत्तर : आजी, शक्तीची चिंता सोडा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सर्व डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी, भाज्या आणि फळे यांत ग्लुटेन नसते. गव्हात असे कोणतेही पोषकतत्त्व नाही की जे या अन्नातून मिळत नाही. ज्या प्रदेशात पोळीखेरीज जेवण होत नाही, तेथील आईपेक्षा तुमचे काम पुष्कळ सोपे आहे, कारण भाकर तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुमच्याच गावच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह आणि जस्त अधिक असते. ती मिळाली तर अवश्य घ्या. निदानानंतरचे काही महिने लोह, जस्त, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषधातूनही द्यावे लागते. भाकरीवर तूप किंवा लोणी, सोबत घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही, असे ताट वाढा. नुसती भाकर दुधात कुस्करून पोट भरेल, पण मागे पडलेली वाढ भरून निघणार नाही. काही मुलांना सुरुवातीला दूध पचत नाही. आतडे भरून आले की ते पुन्हा सोसते.

पुरणपोळीचा एक घासही देऊ नका. हे लिहिताना आजीच्या मनाला काय वाटेल याची मला जाणीव आहे, तरीही यात सूट नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, आणि एवढे ग्लुटेन कणकेच्या अर्ध्या ग्रॅममध्येच असते. सणाला पुरण वाटीत तुपासोबत द्या, तांदळाच्या पिठाचे गोड धिरडे करा किंवा राजगिऱ्याचा शिरा करा. शक्य असेल तेथे सगळ्या घराने त्या दिवशी तेच खावे. आपल्याला वेगळे काढले आहे असे मुलाला वाटले, की ते शेजारी जाऊन चोरून खाते.

आता पोट का बिघडते, या तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे वळतो. माझा पहिला संशय गिरणीवर आहे. गव्हाचे दळण निघाल्यावर त्याच चक्कीत ज्वारी टाकली, की दगडांत आणि कापडी पिशवीत अडकलेली कणीक तुमच्या पिठात उतरते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, अशी मर्यादा आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांत आहे. एक किलो ज्वारीच्या पिठात केवळ एक ग्रॅम कणीक मिसळली, तरी हे प्रमाण ८० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. काही गिरण्यांत ज्वारीसाठी वेगळी चक्की असते, तशी जवळ आहे का पाहा. नसेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीही दळू नका. तेही परवडत नसेल, तर माळ्यावर पडलेले जाते उतरवा. एका लहान मुलापुरते पीठ त्यावर सहज निघते. दळण्याआधी ज्वारी नीट निवडून घ्या, कारण गहू आणि शाळू एकाच मळणीयंत्रातून निघतात आणि गव्हाचे दाणे मिसळून येतात.

दुसरा संशय स्वयंपाकघरावर आहे. जिच्यात कणीक मळली, त्याच परातीत धुतल्याशिवाय भाकरी थापू नका. त्याची भाकर आधी करा, पोळ्या नंतर लाटा. लाकडी पोळपाट कितीही धुतला तरी त्याच्या चिरांत पीठ राहते, म्हणून त्याचा वेगळा ठेवा. मग मसाल्यांचे डबे तपासा. आपल्याकडच्या येसरात भाजलेला गहू पडतो, मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीतही तो असतो, धपाट्यांच्या पिठात मूठभर कणीक घालण्याची सवय असते, आणि बाजारातील हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. येसर गव्हावाचून ज्वारी, बाजरी आणि हरभऱ्याच्या डाळीचे करता येते. चवीत फारसा फरक पडत नाही. कुरडया, शेवया, सातूचे पीठ आणि माल्ट घातलेल्या दुधातील पावडरी त्याच्यासाठी वर्ज्य आहेत. ज्वारीच्या लाह्या आणि हुरडा त्याने मनसोक्त खावा. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ, तीही खावी, मात्र फोडणीत बाजारचा हिंग नको. तुमच्याकडे आरतीला कणकेचे दिवे करत असतील, तर कणीक त्याच्या हाती खेळायला देऊ नका. या वयात हात तोंडात जातोच.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. वजन न वाढणारी मुले आमच्याकडे अनेक असतात. त्यांतून हा आजार असलेले मूल कसे ओळखावे? आणि एका मुलाचे वडील विचारत होते की, त्याला सिलियाक निघाल्यावर धाकट्या बहिणीचीही तपासणी करावी का, आणि हा आजार औषधाने कधी बरा होतो का?
— हिंगोली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे पत्र मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण या मुलांशी पहिली गाठ तुमचीच पडते. कुपोषित मुलांपैकी बहुतेकांना सिलियाक नसतो. पुरेसा आहार मिळूनही वजनाची रेषा वरचे अन्न सुरू झाल्यानंतर सपाट होत गेलेली असेल, महिनाभराहून अधिक काळ जुलाब असतील किंवा पोट सतत फुगलेले असेल, लोह देऊनही रक्त वाढत नसेल आणि मूल विलक्षण चिडके झाले असेल, तर संशय घ्यावा. जुलाब असलेच पाहिजेत असे नाही; काही मुलांना उलट बद्धकोष्ठ असते आणि काहींची फक्त उंची खुंटते. लहानपणीचा मधुमेह किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत हा आजार अधिक आढळतो. असे मूल दिसले तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवून पुढे पाठवा आणि तोवर त्याचा आहार बदलू नका.

निदान झालेल्या मुलाला मात्र अंगणवाडीतील लापशी, शिरा, गव्हाचा उपमा किंवा बिस्किट देऊ नका. त्याच्या वाट्याचा भात आणि वरण वेगळ्या डावाने वाढा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मूल असेल, तर त्याचा आजार आणि वर्ज्य अन्न एका कागदावर स्पष्ट लिहून आईजवळ द्या; कारखान्याच्या फडावर त्याला कोण काय खाऊ घालेल हे सांगता येत नाही.

त्या वडिलांना सांगा की सिलियाक औषधाने बरा होत नाही. ग्लुटेन आयुष्यभर टाळणे हाच उपचार आहे. तो बरा करण्याचा दावा करणारे चूर्ण किंवा गोळ्या कोणी देत असेल, तर त्यावर पैसे घालवू नयेत. आहार काटेकोर पाळला तर जुलाब आणि चिडचिड बहुधा काही आठवड्यांत कमी होते, वजन त्यानंतर वाढू लागते, आणि रक्तातील प्रतिपिंडे उतरायला सहा महिने ते वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून दर काही महिन्यांनी वजन-उंचीची नोंद आणि ठरावीक काळाने टीटीजीची फेरतपासणी आवश्यक आहे. बहिणीची तपासणी अवश्य करावी, तिला काही त्रास नसला तरीही, आणि आईवडिलांनीही स्वतःची करून घ्यावी, कारण सख्ख्या नात्यात या आजाराची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते. तपासणीपर्यंत बहिणीने नेहमीप्रमाणे पोळी खावी. आज तिचा अहवाल निर्दोष आला, तरी पुढे आजार उद्भवू शकतो, त्यामुळे काही वर्षांच्या अंतराने ती पुन्हा करावी लागते. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी करणे शक्य असेल आणि दोन्ही नाहीत असे दिसले, तर तिला हा आजार होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही आणि वारंवार रक्त काढण्याची गरज राहत नाही. ती जनुके आढळली म्हणून मात्र घाबरू नये, कारण आजार नसलेल्या अनेक निरोगी माणसांतही ती असतात.