पेरणी नक्षत्र बघून करायची की ओल बघून? खरिपाआधी आलेल्या प्रश्नांना उत्तरं

मे उजाडला की आमच्या कृषी कार्यालयातल्या फोनांचा सूर बदलतो. एरवी ठिबकचं अनुदान कधी जमा होणार, ट्रॅक्टरला नंबर कधी लागणार, हे प्रश्न असतात. आता फक्त पाऊस. लातूर-धाराशिव पट्ट्यातून, म्हणजे सोयाबीन, तूर, हरभरा असं कोरडवाहू रान कसणाऱ्यांकडून आलेले काही प्रश्न एकत्र घेतो.

औसा तालुक्यातल्या एका काकांनी विचारलंय: "पूर्वी मिरग निघाला की पाभर जुंपायची. आता मिरग कोरडा जातो, नाहीतर त्याच्या आधीच ओढे वाहतात. नक्षत्रं सरकली का? मग पेरायचं कधी?"

काका, नक्षत्रं सरकलीत, पण फारच थोडी. सूर्य मृगात शिरण्याची तारीख ऋतूंच्या तुलनेत साधारण 70-72 वर्षांत एक दिवस पुढं जाते. म्हणजे तुमच्या आजोबांचा मृग आणि तुमचा मृग यांत फार तर एका दिवसाचं अंतर. तेवढ्यानं पेरणी बिघडत नाही. बिघडलाय तो पावसाचा बेभरवसा. 2023 साली मान्सून मुंबईत 25 जूनला पोचला, 2025 साली 26 मेला. दोन वर्षांच्या अंतरानं बरोबर महिन्याचा फरक. आणि 2025 मध्ये लवकर आला म्हणून सुखाचं झालं असंही नाही. मे अखेरीस आलेला मान्सून पुढं जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. मेच्या पावसावर ज्यांनी घाई केली त्यांची उगवण कशी झाली, ते तुमच्याच शिवारात विचारा.

कारण थोडक्यात सांगतो. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्रही तापलाय, तो बाष्प पुरवतो. मग होतं काय, की पाऊस बरेच दिवस तोंड दाखवत नाही आणि येतो तेव्हा एका रात्रीत पंधरवड्याचा हिशेब उरकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांनी 1950 ते 2015 या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीनं वाढलेल्या दिसल्या. म्हणून "यंदा सरासरीच्या इतके टक्के" या आकड्यावर फार विसंबू नका. सरासरी भरते आणि पीक जातं, हे आपण पाहिलंय. मला विचाराल तर पावसाचे एकूण मिलिमीटर मोजण्याइतकंच पावसाचे दिवस मोजणं महत्त्वाचं. हवामान खात्याच्या हिशेबानं 2.5 मि.मी. किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस.

आता पेरणी. आमच्या खात्याचा निरोप दरवर्षी तोच असतो: 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण त्यात एक अट असते ती पुढं पोचत नाही. हा पाऊस तीन-चार वेळा मिळून झालेला हवा. एका तासात 70 मि.मी. कोसळला तर त्यातलं बरंचसं पाणी वरची माती घेऊन ओढ्याला जातं. चिखल दिसतो, खाली मात्र धूळ असते. म्हणून आकड्याच्या जोडीला खुरपं घ्या. रानात वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी वीतभर खोल उकरा. वीतभर ओल लागलीच पाहिजे. मग चार बोटं खोलीवरची माती मुठीत घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला. चपटा होऊन पडला तर अजून ओलं आहे, थांबा, अशा रानात पेरलं तर बी कुजतं. वळलाच नाही तर ओल नाही, तेव्हाही थांबा. सोयाबीनला 15 जुलैपर्यंत मुभा आहे. मूग-उडदाला तेवढी नाही, जुलैचा पहिला आठवडा उलटला तर त्यांचा नाद सोडा. आणि 15 जुलैही कोरडा गेला तर तूर, सूर्यफूल, बाजरी, एरंडी याकडे वळा, सोयाबीनचा हट्ट धरू नका. दुबार पेरणीचा खर्च धरला तर आठ दिवस थांबणं केव्हाही स्वस्त पडतं.

बियाण्याचंही इथंच सांगतो. ज्यांचं सोयाबीन सप्टेंबर 2025 च्या पावसात भिजलं, त्यांनी घरचं बियाणं डोळे झाकून वापरू नये. सोयाबीनचं साल नाजूक असतं, भिजून वाळलेला दाणा दिसायला बरा आणि उगवायला खोटा. ओल्या गोणपाटावर 100 दाणे मोजून ठेवा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा, सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो पुरे. 60 आले तर 35 किलो लागेल. त्याखाली गेलं तर ते बियाणं नाही, तेलगिरणीचा माल आहे. पेरताना बी 3 ते 5 सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.

दुसरा प्रश्न निलंगा भागातल्या एका ताईंचा: "मोबाइलवर रोज जोरदार पावसाचा अंदाज येतो. आमच्या रानात थेंब नाही आणि दोन कोसांवर ओढा वाहिला. विश्वास कशावर ठेवायचा?"

ताई, अंदाजातले शब्द नीट वाचले तर निम्मा राग कमी होईल. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त चौथाई भागात. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊण भागापर्यंत आणि "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याहून जास्त. तेव्हा "तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस" असं आलं तर चारातली तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज खरा ठरतो. व्हॉट्सअॅपवर मात्र "तुरळक ठिकाणी" गळतं आणि "जोरदार" तेवढं फिरतं, वर लाल रंगाचा नकाशा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तो वाचत जा. मेघदूत अॅपवर जिल्ह्याचा अंदाज मिळतो. दामिनी अॅप पडणाऱ्या विजेच्या इशाऱ्यासाठी आहे. ते खरंच मोबाइलमध्ये ठेवा, वळवाच्या दिवसांत तर नक्कीच, आणि ढग गडगडायला लागले की जनावरं झाडाखालून हलवा.

पण तुमच्या रानात किती पडला, ते तुम्हालाच मोजावं लागेल. सरकारच्या महावेध प्रकल्पाचं पाऊस मोजणारं स्वयंचलित केंद्र महसूल मंडळात एक, आणि मंडळात गावं कितीतरी. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा चालतो. प्लॅस्टिकची बाटली वापरायची तर वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा आत बसवा. बूड उंचसखल असतं म्हणून खाली खडे टाकून पाणी सरळ भागापर्यंत भरा आणि तिथं शून्याची खूण करा, त्याच्यावर शाळेची पट्टी चिकटवा. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, वाऱ्यानं पडणार नाही असं ठेवा. सकाळी साडेआठला बघा, कारण हवामान खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत लिहा, मग पाणी शून्याच्या खुणेवर आणा. एक मिलिमीटर म्हणजे एकरात सुमारे 4,000 लिटर पाणी. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी हातात असल्या की तुमच्या रानाला कुठल्या पंधरवड्यात खंड पडतो, हे माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं कळेल. बचत गटातल्या पाच-सहा जणींनी वेगवेगळ्या शिवारांत डबे लावले तर आणखी बरं.

तिसरा प्रश्न परंडा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो: "2023 ला ऑगस्टात पीक करपलं. 2025 ला सप्टेंबरात सीना नदी घरात आली. पाणी धरून ठेवायची तयारी करू की काढून द्यायची?"

दोन्ही, आणि एकाच रानात. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूममध्ये काय झालं, ते तुम्ही भोगलंय. सीना काठ सोडून शिवारात शिरते, तेव्हा शेतीची कुठलीच पद्धत कामाला येत नाही, हे आधी मान्य करू. पण नदीपासून लांबच्या ज्या रानांत पिवळं पडून सोयाबीन गेलं, तिथं मात्र करण्यासारखं आहे.

रुंद वरंबा सरी, म्हणजे बीबीएफ यंत्रानं पेरा. वरंब्यावर चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी. पाऊस कमी असला की सरीत पाणी मुरतं, जास्त झाला की सरीतून निघून जातं, मुळ्या वरंब्यावर श्वास घेत राहतात. बियाणंही कमी लागतं. मात्र सरी उताराला आडव्या हव्यात आणि त्यांचं तोंड बांधाच्या कडेनं ओढ्यापर्यंत मोकळं हवं. हे तोंड काढायचं बरेच जण विसरतात आणि मग सरीच पाण्याचं डबकं होते. शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर तो आत्ताच मिटवा, सप्टेंबरात कुणी कुणाला पाणी काढून देत नाही.

बीबीएफ मिळालं नाही तर पट्टापेर करा: चार किंवा सहा ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा. पुढं कोळप्याच्या, म्हणजे ओळींमधलं तण काढायच्या अवजाराच्या, जानोळ्याला (पात्याच्या दांड्यांना) दोरी गुंडाळून त्या रिकाम्या ओळीत सरी पाडा. पैसा लागत नाही, बैलजोडीवर होतं.

खंड पडला तर पहिलं औषध कोळपं. भेगा बुजल्या की ओल उडणं कमी होतं. "एक कोळपणी अर्धं पाणी" हे जुने लोक उगाच म्हणत नव्हते. तणनाशकावर भागतं म्हणून आपण कोळपणी सोडली आणि काळ्या रानाच्या भेगा तशाच उघड्या राहू लागल्या. खंड लांबला तर 13:0:45 हे खत 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम घेऊन फवारा. पिकाला काही दिवस तग धरायला मदत होते. त्यापुढं विहिरीत असेल ते पाणी एकआड एक सरीनं द्या. पूर्ण रान भिजवण्याचा हट्ट नको, शेंगा भरताना एक हलकं पाणी मिळालं तरी फरक पडतो.

आणि सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका. सगळीकडं फुले संगम पेरला की सगळी काढणी एकाच आठवड्यात येते आणि तोच आठवडा पावसाचा निघाला तर घर बसतं. थोडं एमएयूएस 158 किंवा 612 घ्या, ते लवकर काढणीला येतात. सोयाबीनमध्ये 4:2 नं, म्हणजे चार ओळी सोयाबीनला दोन ओळी, तूर घ्या. सोयाबीन पाण्यात गेलं तरी तूर बऱ्याचदा हातात राहते. हलक्या-मध्यम रानात बीडीएन 711 ही तूर बरी, 150-155 दिवसांत मोकळी होते. कापलेलं सोयाबीन सखल जागी ठेवू नका. बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, उंचवट्यावर लावा आणि ताडपत्री पेरणीच्या खर्चातच धरा. ऐनवेळी ती तालुक्याच्या बाजारात दुप्पट भावानं घ्यावी लागते.

तुरीच्या फुलोऱ्यात धुई (धुकं) आणि ढग यांवर काय फवारावं, असं तिघा-चौघांनी विचारलंय. धुईनं गळणारी फुलं थांबवणारं खात्रीचं औषध नाही. दुकानदार टॉनिक देईल, ते घेण्याआधी आपलं पाकीट बघा. ढगाळ हवेत शेंगा पोखरणारी अळी वाढते, तिचा मात्र बंदोबस्त होतो: एकरी दोन कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढणारे), 20 पक्षिथांबे (अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या), फुलोरा लागताच 5 टक्के निंबोळी अर्क. झाडाखाली पोतं धरून फांदी हलवली की किती अळ्या पडतात, ते डोळ्यांनी दिसतं. त्या आकड्यावरून पुढची फवारणी ठरवा, आणि औषधाचं नाव आमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला, म्हणजे कालपर्यंतच्या कृषी सहायकाला विचारून घ्या.

विम्याचं थोडक्यात. एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत पिकांना संरक्षित रकमेच्या 2 टक्के हप्ता भरावा लागतो आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर ठरते. अर्ज भरताना त्या हंगामाच्या अटी वाचून घ्या. अतिवृष्टीची सरकारी मदत वेगळी. ती मंडळातल्या 65 मि.मी.च्या नोंदीवर आणि पंचनाम्यावर चालते. दोन्हीसाठी ई-पीक पाहणी वेळेत करा. सातबारावर पिकाची नोंद नसली की तलाठी, हल्लीचे ग्राम महसूल अधिकारी, आणि आम्ही दोघंही हात वर करतो.

शेवटचा प्रश्न रब्बीचा, लवकर आलाय पण चांगला आहे: थंडी कमी झालीय, गहू करावा का? पाणी निश्चित असेल आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी होणार असेल तरच. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. तेव्हा उशिरा पेरलेल्या गव्हाच्या ओंब्या भरायच्या आतच पिकल्या, दाणा बारीक राहिला. तुमच्याकडे दोन-तीनच पाणी असेल तर हरभरा धरा. पण ऑक्टोबरच्या उन्हात हरभऱ्याचीही घाई नको, तापलेल्या जमिनीत मर रोग वाढतो. दुपारची उन्हं उतरू द्या आणि पेरण्याआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा.