बाथरूमची कपाटं: कर्ज काढून नवी, की घासून रंगवलेली जुनी?

प्रश्न: आमच्या दोन बाथरूममधली बेसिनखालची लाकडी कपाटं जवळपास वीस वर्षांची आहेत. पिवळट पॉलिश, नक्षीदार पितळी मुठी; बघवत नाहीत. दोन्ही नवीन बसवण्याचा खर्च आम्हा दोघांच्या मिळून दीड महिन्याच्या पगाराइतका सांगितलाय. १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज मिळतंय. पॉलिशवाला जुनीच घासून रंगवून द्यायचे नव्याच्या खर्चाच्या दोन-पंचमांश मागतो. घरीच घासून रंगवली तर सामानाला एक-अष्टमांश पुरेल असा अंदाज आहे. दरमहा पगारातले १० टक्के शिल्लक पडतात, अडीअडचणीसाठी दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे. एका कपाटाचा तळ थोडा फुगलाय. काय करावं?

उत्तर: आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. ते आकडे जरा एकमेकांशेजारी ठेवून पाहू.

नव्या कपाटांची किंमत १०० धरा. १४ टक्क्यांनी २४ हप्ते म्हणजे बँकेला साधारण ११५ परत जाणार. नुसतं व्याज १५. आणि घरी रंगवायचं सगळं सामान? साडेबारा. म्हणजे कर्जाच्या व्याजातच दोन्ही कपाटं रंगवून होतात आणि वर ब्रशचे पैसे उरतात. बिनव्याजी हप्त्यांची ऑफर आली तरी आधी विचारा, रोख दिले तर किती सूट मिळेल. सुटलेली सूट आणि प्रक्रिया शुल्क हेच बहुतेक वेळा तिथलं व्याज असतं.

‘रंग टिकणार किती’ ही शंका रास्त आहे. तिचाही हिशोब करू. नवी कपाटं पंधरा वर्षं चालतील असं समजा. व्याजासकट ११५ भागिले १५, म्हणजे वर्षाला पावणेआठच्या आसपास. साडेबारांचा रंग वीस महिने टिकला तरी बरोबरी झाली, त्यापुढचं प्रत्येक वर्ष फायद्यात. नीट तयारी करून दिलेला रंग वीस महिन्यांत उतरू नये. उतरलाच, तर तेलकट पृष्ठभागावर किंवा अस्तर न देता मारला होता असं समजा.

माझी खरी काळजी कपाटांची नाही, त्या दोन महिन्यांच्या गंगाजळीची आहे. कर्जाचा हप्ता पगाराच्या सात टक्क्यांवर जातो. शिल्लक दहा, त्यातले सात गेले की हातात तीन. दोन वर्षांनी तुमची गंगाजळी पावणेतीन महिन्यांच्या घरखर्चापर्यंत कशीबशी पोचेल. घरी रंगवलंत तर सामान, प्लंबर आणि थोडं सुतारकाम धरूनही ती चार महिन्यांच्या वर जाते. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर हा फरक किती मोठा वाटेल ते मी सांगायला नको.

म्हणून कर्ज नाही. पण रंगाचा डबा आणण्याआधी एक तपासणी करा, कारण माझा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे. दारं उघडून आतला तळ, बेसिनच्या पाइपाभोवतीचा भाग आणि जमिनीलगतची पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत रुतलं तर लाकूड किंवा बोर्ड कुजलाय. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) एकदा पाण्याने फुगला की वाळला तरी पूर्ववत होत नाही, त्यावर रंग म्हणजे पैसे वाया. फुगवटा फक्त तळाच्या फळीत असेल तर सुताराकडून तेवढी फळी मरीन प्लायची, म्हणजे ओलीत टिकणाऱ्या प्लायची, बसवून घ्या. बाजूच्या फळ्याही गेल्या असतील तर ते एक कपाट बदला, मात्र पैसे साठवून, रोखीने. आणि काहीही करायच्या आधी गळती थांबवा.

दारं भरीव लाकडाची आहेत की प्लायवर व्हिनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) चिकटवलंय, तेही कडेला बघून कळतं. व्हिनिअर अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जाड असतो, मशीनने जोरात घासला तर खालचा प्लाय उघडा पडतो. तिथे हातानेच, बारीक पॉलिश पेपर. जुन्या घरात पूर्वीचा रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. आधी चाचणी करा, कोरडं घासून धूळ उडवू नका. तुमच्याकडे पॉलिश आहे, तेव्हा बहुधा हा प्रश्न येणार नाही.

सामानाच्या अंदाजाबद्दल थोडा संशय आहे. लोक रंग मोजतात आणि बाकीचं विसरतात. तेल-साबण काढायचं क्लीनर, दोन-तीन नंबरचे पॉलिश पेपर, भोकं भरायची लांबी (पुट्टी), चिकटून बसणारा आणि लाकडाचे पिवळे डाग वर येऊ न देणारा प्रायमर, मास्क, रोलर. तुमच्या अंदाजात पाव भाग वाढवून धरा; तरी तो जवळपास कर्जाच्या व्याजाइतकाच राहतो. सँडर मशीन भाड्याने आणा. दोन बाथरूमसाठी विकत घेतलेलं मशीन पुढे माळ्यावरच राहतं. मुठी घेताना जुन्या भोकांमधलं अंतर मोजून न्या, ९६ किंवा १२८ मिलिमीटर ही मापं सर्रास मिळतात. अंतर जुळलं तर भोकं बुजवण्याचं काम वाचतं. खरं सांगायचं तर, तुमच्या वर्णनावरून निम्मा जुनाटपणा त्या पितळी मुठींचा आहे.

तुमच्या वेळेची किंमत धरायची का? या कामात जाणाऱ्या वीकेंडना तुम्ही एरवी पैसे कमावणार असाल तर धरा, नाहीतर नाही. पण घासकामाचा दोघांनाही मनापासून कंटाळा असेल तर अर्धवट सोडलेलं काम सगळ्यात महाग पडतं. तसं वाटत असेल तर पॉलिशवाला वाईट पर्याय नाही. सहा महिन्यांच्या शिल्लकीत तो रोखीने बसतो, आणि स्प्रेचं फिनिश हाताच्या रोलरपेक्षा गुळगुळीत येतं. फक्त दारं काढून परत बसवणं आणि बिजागऱ्या जुळवणं दरात आहे का, हे लिहून घ्या.

ठरवण्याआधी एकच दार काढून त्याच्यावर सगळी प्रक्रिया करून बघा. जमलं नाही तर गेलं एक दार आणि थोडा प्रायमर. जमलं तर बाकीचं त्याच क्रमाने. कोणतं दार कुठलं, ते बिजागरीच्या खाचेत नंबर टाकून ठेवा. एका वेळी एकच बाथरूम घ्या. रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे जाऊ शकतात. तोवर ओलं फडकं दारावर टाकायचं नाही आणि एक्झॉस्ट पंखा अंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवायचा.

घर पुढेमागे विकायचा विचार असला तरी माझं उत्तर हेच. नव्या कपाटांवर घातलेला पैसा पूर्ण परत येईल असं धरून चालू नका, नव्या मालकाची आवड वेगळी असते. शिवाय नवीन बसवण्याच्या दरात जुनी उखडणं, बेसिन काढून पुन्हा जोडणं आणि जुन्या कपाटाखाली फरशी लावलेली नसेल तर तिथली डागडुजी धरलीय का, तेही विचारून बघा. नसेल, तर माझ्या हिशोबातले १०० हे १०० राहणार नाहीत.