आधी खेळ, मग खाऊ

ताई, तुमचा प्रश्न वाचला. किनाऱ्यालगतच्या वाडीत शाळा सुटल्यावर पहिली ते पाचवीची पंचवीसेक मुलं तुमच्याकडे येतात, बहुतेकांच्या हातात वेफरचं पाकीट असतं, आणि भिंतीवर आहाराचे तक्ते लावूनही काही बदलत नाही. मीही रत्नागिरी तालुक्यात असाच वर्ग चालवते. माझं म्हणणं एवढंच, की तक्ते राहू देत, आधी संध्याकाळचा क्रम बदला. खेळ आधी, खाऊ नंतर, अभ्यास शेवटी. खेळून दमलेल्या मुलाला उकडलेलं रताळंही गोड लागतं. शिवाय डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य बुडतो. पाचला सुटलेल्या मुलांना उजेडाचा तेवढाच तास मिळतो, तो पाढ्यांत घालवू नये. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, ती इथेच भागते. मुलं भुकेली येतात हे खरं, म्हणून आल्या आल्या पाणी आणि अर्धं केळं द्या.

खेळ निवडताना एक गोष्ट बघा: बाद झालेलं मूल काय करतं? बहुतेक खेळांत सगळ्यात आधी बाद होतं तेच, ज्याला धावण्याची सर्वांत जास्त गरज आहे, आणि मग ते कडेला बसून राहतं. म्हणून लंगडीत बाद झालेल्याला दहा उड्या मारून परत आत घ्या. खो-खोची लांब रांग लावली तर बरीचशी मुलं नुसती बसून असतात, त्यापेक्षा पाच-पाच जणांच्या छोट्या रांगा करा. आट्यापाट्या आणि लगोरीत सगळेच हलते राहतात. पावसाळ्यात देवळाच्या सभामंडपात फुगडी आणि जाखडी घ्या. जाखडीचा ठेका धरला की मोठी मुलंही घाम निघेपर्यंत नाचतात.

पुळणीवर न्यायचं तर ओहोटीलाच, कारण ओली वाळू घट्ट असते आणि पायाला बरी पडते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हे तुमच्याकडच्या कुणाही मच्छीमाराला ठाऊक असेल. म्हणजे अष्टमीला, आठाची पाऊणपट सहा, संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, तेव्हा नको. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती अकरा-बाराच्या सुमारास येते, म्हणून संध्याकाळी ओहोटी मिळते. पाण्यात कुणीही उतरायचं नाही, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर जायचंच नाही.

आता खाऊ. बाहेरून काही आणू नका, नाचणी आपल्या दारची आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात दहाच्याही आत. ताकातली आंबील, घावणे, कुळथाचं कढण, मोड आलेली मटकी असं फिरवत ठेवा. मटकीवर लिंबू पिळायला विसरू नका, कडधान्यातलं लोह त्याने अंगी चांगलं लागतं. कोकम सरबताचा तयार पाक मात्र जवळजवळ साखरच असतो. त्याऐवजी पाण्यात थोडं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, आणि जिऱ्याची पूड घाला. आगळ मुळात खारट, वरून मीठ नको.

हात मुलांचे लागू द्या. मटकी भिजत घालणं, मोड बघणं, काकडी किसणं, वाढणं ही कामं पाळीने वाटून द्या. स्वतः कालवलेलं सहसा कुणी नाकारत नाही. तरी कुणी नको म्हणालं तर ‘एवढं संपव’ म्हणू नका, आणि संपवलं म्हणून चॉकलेटही नको. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते मुलाने. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा पानात यावी लागते. हे सगळ्यात कठीण आहे, कारण पहिल्या आठवड्यात उरलेली आंबील बघून आपलाच धीर सुटतो. सोडू नका. पातेलं लहान लावा, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करा.

सुरुवातीलाच पालकांकडून कुणाला काय चालत नाही ते लिहून घ्या: शेंगदाणे, काजू, कोळंबी, दूध. आणि पाकिटांसाठी मुलांना रागावू नका. दिवसभर मजुरीला किंवा बंदरावर असणारी आई पाच रुपये हातावर ठेवते, त्यात तिची काळजीच असते. तिला एका संध्याकाळी खेळ बघायला बोलवा, पोराच्या हातचा घावणा खायला द्या, आणि तेच पाच रुपये आठवड्याच्या नाचणीत घालाल का, एवढंच विचारा.